हिप्परग्याचं पाणी, नान्नजचा माळ

ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या गावात होडी घेऊन फिरायला जाणार, असं आईला सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "येताना दोन घागरी भरून आणा."

हे खूळ व्यंक्याचं. व्यंक्या माझा शाळेपासूनचा दोस्त, सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि चिडला की दोन्ही एकदम. आता पुण्याला असतो. मागच्या वर्षी त्यानं ओळखीतल्या एकाकडून वापरलेली, हवा भरायची कयाक घेतली. दोन माणसांची, घडी घालून पिशवीत बसते, वजन सोळा किलो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी तो दरवर्षी जानेवारीत येतोच. यंदा आठवडाभर आधी आला, ती पिशवी घेऊन.

बेत असा ठरला: शनिवारी सकाळी हिप्परगा तलावात कयाक घालायची, पल्याडच्या काठाला उतरायचं, तिथून पाठीवर सॅक टाकून कारंबा-मार्डीच्या बाजूनं चालत सुटायचं. मुक्काम मार्डीच्या अलीकडं माझ्या मामाच्या वस्तीवर. रविवारी नान्नजचा माळ बघून एसटीनं घरी. कयाक न्यायला माझा आतेभाऊ पिकअप घेऊन काठावर येणार होता. 'होता' हा शब्द लक्षात ठेवा.

शुक्रवार, रात्र

सामान भरताना आमची दोनच भांडणं झाली. पहिलं खाण्यावरून. व्यंक्यानं पुण्याहून पाकिटातलं कायकाय आणलं होतं, गरम पाणी ओतलं की पुलाव होतो म्हणे. मी आईची कडक भाकरी पुढं केली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापतात, भाजतात आणि पूर्ण कडक होईपर्यंत वाळवतात. महिनाभर काही होत नाही. पाठीवरून नेण्यासाठी यापेक्षा हलकं जेवण मला ठाऊक नाही. फक्त सॅकमध्ये ती उभी ठेवायची, स्टीलच्या ताटाला टेकवून, नाहीतर चुरा होतो. तसा चुराही वाया जात नाही, दह्यात कालवला की संपतो. सोबत शेंगाचटणी, गूळ, चार कांदे.

दुसरं भांडण पांघरुणावरून. त्याची स्लीपिंग बॅग मुठीएवढी व्हायची. माझी चादर म्हणजे सोलापुरी चादर, अर्धी सॅक तिनंच खाल्ली. "तुझा बाप आयुष्यभर चादरी विणत होता बे, आणि तू ह्या पिशवीत झोपणार?" म्हटल्यावर तो गप्प बसला. पण बॅग त्यानं बदलली नाही.

शनिवार, सकाळ

पावणेसातला तलावावर पोचलो. हिप्परगा हे आपलं बोलायचं नाव, कागदोपत्री एकरुख तलाव. आदिला नदी अडवून इंग्रजांनी बांधलेला, १८७१ सालचा. सोलापूरला कित्येक वर्षं ह्याच तलावानं पाणी पाजलं. तुळजापूरला जाताना आयुष्यभर गाडीच्या काचेतून बघितला होता. पाण्याच्या पातळीवर बसून बघितला की तो दुप्पट होतो.

काठावर भेटलेल्या कर्मचाऱ्याला आधी विचारलं. त्यानं कयाकच्या पिशवीकडं बघून "गादी हाय का?" एवढंच विचारलं आणि बंधाऱ्याच्या, सांडव्याच्या बाजूला फिरकायचं नाही अशी ताकीद दिली. तुम्ही गेलात तर न विचारता उतरू नका. तलाव सिंचनाचा आहे, आपल्या मौजेसाठी बांधलेला नाही.

पायानं मारायच्या पंपानं तीन कप्प्यांत हवा भरायला वीस मिनिटं गेली. दोन बाजूचे कप्पे आणि एक तळाचा. आमच्या कयाकमध्ये तळाचा आधी भरायचा असतो, नाहीतर तो सुरकुततो. हे आम्हाला सगळं भरून झाल्यावर कळलं. मग व्यंक्यानं पिशवी उलटी करून झटकली, पुन्हा झटकली, आणि खाली बसला. कयाकच्या पोटाखाली मागच्या बाजूला एक प्लास्टिकचा पंख लावायचा असतो, माशाच्या परासारखा. होडी सरळ चालते ती त्याच्यामुळं. तो पंख पुण्यात राहिला होता.

"चालतंय की," व्यंक्या म्हणाला, "आपण सरळ वल्हवू."

नाही चालत. पुढं बसलेल्यानं उजवीकडं एक वल्हं मारलं की होडीचं तोंड डावीकडं, डावीकडं मारलं की उजवीकडं, आणि दोघांनी एकाच वेळी सुधारायला गेलं की गर्रकन अर्धी फेरी. पहिली पंधरा मिनिटं आम्ही सोलापूर-तुळजापूर-सोलापूर असे तोंड फिरवत होतो. शेवटी जमलं ते असं: पुढच्यानं, म्हणजे मी, नुसतं एका लयीत मारत राहायचं, वल्हं उथळ आणि होडीला चिकटून. मागच्यानं ताकद लावायची नाही. दर दोन-तीन फटक्यांनी वल्ह्याचं पातं सुकाणूसारखं पाण्यात धरून ठेवायचं. वेग निम्मा होतो, पण जाता येतं.

आणि मग एकदम शांत झालं. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज होता, पण दूर गेलेला. पाण्यावरून वाफ उठत होती. थंडी अशी की वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी कोपरापर्यंत आलं की शहारा यायचा. समोर चांदव्यांचा थवा पसरलेला, काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा. आपल्याकडं त्यांना वारकरी पण म्हणतात, आणि एका रांगेत चाललेले बघितले की ते नाव कुणी दिलं असेल ह्याचा प्रश्न पडत नाही. होडी जवळ गेली की ते उडत नाहीत, पाण्यावरून पळतात, पायांचा फडफड आवाज करत. चक्रवाकाची एक जोडी काठावर. टिबुकली एकदा डुबकली ती कुठं वर आली ते दोघांनाही सापडलं नाही.

तेवढ्यात मागून एक माणूस आम्हाला ओलांडून गेला. थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसलेला, दोन्ही हातात जेवणाची दोन स्टीलची ताटं, तीच वल्ही. छप, छप, छप. आमच्या बाराशे रुपयांच्या वल्ह्यांकडं त्यानं एकदा बघितलं आणि वळला.

"काय वो पावणं, फिरायलाय?"

"पल्याड जायचंय काका."

"मग सरळ जावा की. गोल कशापायी जाताव?"

ह्यावर उत्तर नव्हतं. त्यानं जाळी कुठं आहेत ते दाखवलं. पाण्यावर हातभर अंतरानं निळे-पांढरे ठिपके तरंगत होते. मला वाटलं कचरा. जवळून बघितलं तर रबरी चपलांचे कापलेले तुकडे, एकेका तुकड्याला भोक पाडून दोरी ओवलेली. कुणाकुणाच्या स्लिपरांची पावलं घासून घासून गुळगुळीत झालेली दिसत होती. एका तुकड्यावर टाचेचा खळगा अजून होता. ती ओळ दिसली की वळसा घाला, वल्हं अडकलं तर जाळं फाटतं आणि त्याच्या दिवसाची कमाई जाते. रात्रीच्या जाळ्यात त्याला चिलापी लागली होती, बादलीभर. आम्ही एक किलो मागितली. तो म्हणाला, चालत जाणार तर वास मारेल, दुपारपर्यंत टिकायची नाही. विकणारा माणूस असा सल्ला देतो म्हणजे ऐकावा.

आमची लाईफ जॅकेटं बघून मात्र तो हसला नाही, मी तीच वाट बघत होतो. म्हणाला, "बरं केलाव." २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा माणसं गेली, ते आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. आपली तळी उन्हात झोपलेली दिसतात. पण माळरानावर वारा अडवायला काही नसतं, आणि तो सांगून येत नाही. आमच्यासारखे नवखे असाल तर सूर्य उगवताना उतरा आणि नऊ-साडेनऊला बाहेर पडा, काठाच्या हाकेच्या अंतरात राहा. आम्हाला शेवटच्या टप्प्यात नुसती झुळूक लागली तरी हवेची होडी पानासारखी बाजूला सरकायला लागली.

साडेनऊला पल्याड लागलो. उतरून होडी चिखलावरून ओढली, फार तर दहा फूट. फुस्स. वेड्या बाभळीचा काटा, बोटाएवढा लांब, तळाच्या कप्प्यात सरळ वरपर्यंत. व्यंक्या ज्या भाषेत बोलला ती मला पूर्ण येत नाही, पण आशय पोचला. म्हणून सांगतो, हवेची कयाक आपल्या भागात ओढायची नाही, उचलायची.

शनिवार, दुपार

आतेभावाचा फोन लागला तो साडेदहाला. कांदा घेऊन बाजारात गेला होता, पुढं गाड्यांची रांग, गाडी ना पुढं जाईना ना मागं. जानेवारीत सोलापुरात कांद्याची आवक काय असते हे मला माहीत असायला हवं होतं. "संध्याकाळपर्यंत येतो," म्हणाला. संध्याकाळपर्यंत काठावर बसण्यात अर्थ नव्हता. मग ती सोळा किलोची, आता ओली होऊन वीसची झालेली पिशवी एका वल्ह्याला अडकवून दोघांच्या खांद्यावर घेतली, वरून सॅका, आणि निघालो. बांधावरून चाललेल्या एका आजींनी हात जोडले. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

दीड-दोन किलोमीटर असे गेलो असू. मग मागून कारखान्यावर ऊस खाली करून परत निघालेला ट्रॅक्टर आला, दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत. पोरगा विशीचा, गाणी फुल्ल. पिशवी मामाच्या वस्तीच्या फाट्यावर टाकायला तयार झाला. "तुम्ही पण बसा की," म्हणाला. चालायचं ठरवून आलो होतो, नाही म्हटलं. तो जरा वेळ आमच्याकडं बघत राहिला. गाडी मिळत असताना चालणारी माणसं, आणि ती पण वारीशिवाय.

इथून पुढं तीन तास व्यंक्याचं एकच पालुपद. "जंगल कुठंय बे?" कारण त्याला मी फोनवर जंगलात ट्रेक आहे असं सांगितलं होतं. समोर होती कमरेएवढी मालदांडी ज्वारी, मधूनच हरभरा, द्राक्षाची एक बाग, मग पडीक, मग पुन्हा ज्वारी. पडीकावर बोरी, तरवड, हिवर, एखादा कडुनिंब. सावली अशी ती नाहीच. जानेवारी असूनही बारा वाजता ऊन डोक्यात जातं. प्रत्येकी चार लिटर पाणी घ्या. ओढे कोरडे असतात आणि विहिरीत उतरायच्या फंदात पडू नये. वस्त्यांवर मागितलं तर पाणी मिळतंच, वर चहा मिळतो आणि अर्धा तास जातो.

एका बोरीखाली भाकरी काढली. कडक भाकरीचा तुकडा मोडला की कट्कन आवाज येतो. त्या शांततेत तो एवढा मोठा आला की बोरीतून दोन होले उडाले. पुलावाचं पाकीट व्यंक्यानं काढलंच नाही. सहा भाकरी गेल्या, त्यातल्या चार त्यानं खाल्ल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

शनिवार, रात्र

मामानं आगटी आधीच पेटवून ठेवली होती. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, त्याच्या राखेत कोवळी कणसं खुपसायची. भाजली की गरम गरम हातावर घेऊन चोळायची, कोंडा फुंकायचा, आणि हिरवा हुरडा समोरच्याच्या तळहातावर. चोळणाऱ्यानं स्वतः खायचं नसतं, तो दुसऱ्यासाठी चोळतो. मामा आमच्यासाठी चोळत होते, त्यांचे तळवे भाजत नव्हते. मी एक कणीस घेतलं आणि दोन सेकंदांत टाकलं. मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, शहरातलं हात हायती ते." आमचं घर तिथून वीस किलोमीटरवर आहे.

हुरड्याची ज्वारी वेगळी लावतात. मामाची गूळभेंडी होती, दोन ओळी, फक्त घरासाठी. सोबत दही, शेंगाचटणी, गूळ. व्यंक्या मामांना सारखं विचारत होता, इथं जनावरं कुठली? मामा सांगत गेले. काळवीट तर शेतातच. खोकड, कोल्हा. आणि लांडगा. "मागच्या महिन्यात धनगराचं कोकरू नेलं. नेतो की. त्याला बी पोट हाय." मग जरा थांबून म्हणाले, काळवीट जास्त वाईट, लांडगा एक नेतो, कळप रान उठवतो.

तंबू खळ्याच्या कडेला ठोकला. रात्री थंडी वाढली आणि दोन वाजता व्यंक्या हळूच म्हणाला, "तुझी चादर मोठी आहे ना रे?" मी झोपल्याचं सोंग करून थोडा वेळ काढला, मग अर्धी दिली. त्यानंतर कोल्हेकुई सुरू झाली. आधी एक, लांब; मग चारी बाजूंनी. वस्तीवरचं कुत्रं भुंकलं नाही, तंबूला येऊन टेकून बसलं.

रविवार

पहाटे पाचला निघालो, मार्डीतून यमाईला बाहेरूनच नमस्कार करून अकोलेकाटीच्या अंगानं नान्नजकडं. ह्या पट्ट्यात माळढोक अभयारण्याचे तुकडे शेतांमध्ये विखुरलेले आहेत. त्यांच्या आत आपण होऊन शिरायचं नाही, तंबू तर नाहीच. आम्ही गाडीवाटेनं गेलो आणि नान्नजला रीतसर परवानगी घेऊन, वाटाड्या घेऊन आत गेलो. भडक कपडे नकोत. आणि साडेसहाच्या आत पोचा. नऊनंतर सगळं आडोशाला जातं.

आत गेल्यावर व्यंक्या पुन्हा म्हणाला, "जंगल कुठंय?" ह्या वेळी वाटाड्याला. वाटाड्या पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं समोर हात केला. समोर गवत होतं. सोनेरी, गुडघ्याएवढं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं, क्षितिजापर्यंत. "हे."

मग त्यानं सांगितलं. मागं एकदा इथं झाडं लावली गेली, गिरिपुष्प, सुबाभूळ. चांगल्या मनानंच, माळ उजाड दिसतो म्हणून. पण माळढोक पंधरा किलोपर्यंतचा पक्षी, तो जमिनीवर एकच अंडं घालतो, आणि त्याला लांबवर दिसलं पाहिजे. झाड आलं की पलीकडचं दिसत नाही, आणि झाडावर कावळा बसतो, अंड्यावर डोळा ठेवून. व्यंक्यानं ह्यावर काही विचारलं नाही. सोलापुरात शाळेत असताना आम्ही दोघांनी दरवर्षी रोपं लावली होती, कुठं लावली ते आठवायला लागलो.

अभयारण्य १९७९ चं. सुरुवातीला ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आली. मामा काल म्हणत होते, जमीन विकायची तर माळढोकाला विचारायला लागायचं. नंतर ते १,२२२ वर आणलं. माळढोक आम्हाला दिसला नाही. वाटाड्यानं "दिसेल" असं एकदाही म्हटलं नव्हतं, त्यामुळं तक्रार नाही.

दिसलं ते हे: काळविटांचा कळप, वीसेक माद्या आणि एक काळाभोर नर, शिंगांना चार पीळ. आम्ही थांबलो तसा तोही थांबला. मग माद्यांतली एक विनाकारण उडी मारून हवेत गेली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, जणू जमिनीनंच त्यांना उडवलं. धाविकाची जोडी, चार पावलं पळायची, थांबायची, पुन्हा पळायची. माळटिटवी ओरडत राहिली. आणि एक भोवत्या, गवताच्या टोकांना पंख घासतील इतक्या खालून, एकदाही पंख न हलवता, पूर्ण माळ ओलांडून गेला. व्यंक्याच्या हातात कॅमेरा होता, तो त्यानं वर उचललाच नाही.

बाहेर पडलो तेव्हा मोज्यांत कुसळं भरली होती. कुसळ्या गवताचं हे बी भाल्यासारखं. शेपटीला पीळ असतो, ओलसर झालं की तो उलगडतो आणि टोक आत आत शिरतं. उलटं ओढलं की मोजा येतो, कुसळ येत नाही. पुढच्याच दिशेनं ढकलून दुसऱ्या बाजूनं काढायचं. स्टँडवर बसून अर्धा तास हेच केलं. जाड कापडाची पँट घाला, मोजे तिच्या आत.

नान्नजला चहाच्या टपरीवर एक बागायतदार भेटले. घड अजून हिरवे आहेत, फेब्रुवारीत या म्हणाले. सोनाका हे द्राक्षाचं वाण इथलंच, नानासाहेब काळ्यांचं. सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळ्यांचा का. तीस वर्षं ती द्राक्षं खातोय, नावाची ही फोड मला नवीन होती. व्यंक्या म्हणाला त्याला माहीत होतं. खोटं बोलत होता.

बार्शीकडून येणारी एसटी भरून आली. उभ्यानं चाळीस मिनिटं. माझ्या सॅकमधून बाहेर आलेल्या वल्ह्याच्या टोकावर एका मावशींनी भाजीची पिशवी अडकवली आणि झोपल्या.

कयाक मंगळवारी आली, कांद्याच्या सालींसकट. ठिगळ लावलं, त्याचा गोंद चोवीस तास सुकू द्यायचा असतो म्हणून बाजूच्या कप्प्यांतच बेताची हवा भरून गच्चीवर ठेवली आणि व्यंक्या यात्रेतल्या नंदीध्वजाची तालीम बघायला गेला. संध्याकाळी वर गेलो तर आईनं तिच्यात जुनं धोतर अंथरून चटणीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. म्हणाली, कडा उंच आहेत, वाऱ्यानं उडत नाहीत. बुधवारपर्यंत हात लावू नका.